तळ्याकाठचा विणलेला पक्षी

हस्तकलेच्या बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचे हात काही स्वस्थ बसेनात. त्यामुळे तळ्याच्या प्रकल्पाचं विचारायला मंडळी आली, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. वस्तीने मिळून तळं साफ करायचं, काठावर माजलेलं पाणकणीस कापून वाळवायचं आणि त्याच्या पात्यांचा एक भलाथोरला पक्षी विणायचा, ही कल्पना बाईंचीच. ती सगळ्यांना पटली, कारण त्या झाडोऱ्यात डास होतात ही तक्रार जुनीच होती. बाईंना अर्धवट काम खपत नसे. कापणी झाल्यावर उरलेले गड्डेही त्यांनी मुळासकट उपटून घेतले.

पक्षी झाला मात्र देखणा, दोन माणसांच्या उंचीचा. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या बायका त्याच्या पंखाखाली मांडीला मांडी लावून पाती वळत होत्या. बाईंना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

वर्ष उलटल्यावर, या सगळ्याचा परिणाम काय झाला ते पाहायला एक मुलगी आली. तिचं कामच ते होतं. ती घरोघर हिंडली, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. शेवटी ती तळ्याला फेरी मारून बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन टेकली. माणसांत फरक पडलाय तो दिसतोच, म्हणाली; पण पूर्वी पाणकणसात पक्षी घरटी करायचे म्हणे, ते आता कुठे असतात?

"इथेच," बाई म्हणाल्या. "आमचे हे रोज ऐकतात."

बाईंचे यजमान घड्याळजी. जन्मभर भिंग लावून बारीक चाकांशी झटापट केली आणि म्हातारपणी साखरेच्या आजाराने दृष्टी नेली. कान मात्र तिखट. पहाटे मागच्या खिडकीशी खुर्ची ओढून ते वटवट्याची वाट पाहत. तो इवलासा तपकिरी पक्षी नावासारखाच होता, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. एक वटवट्या बाहेर, एक घरात, मला कसली कमी, असं ते बाईंना चिडवत. डोळे गेल्यापासून त्यांचा दिवस त्या आवाजानेच उजाडे.

बाईंच्या कानांची गोष्ट वेगळी. किनरे आवाज त्यांना ऐकू येईनासे होऊन बरीच वर्षं झाली होती. कापणी चालली असताना शेजारच्या आजींनी, आता पाखरं कुठे जातील गं, असं विचारलं, तेव्हा "त्यांना काय, आहे की सगळं तळं मोकळं," असं म्हणून बाईंनी विषय झटकला होता. पण तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. म्हणून चहा देताना त्या रोज विचारत, "आला का?" आणि घड्याळजी म्हणत, "आला की." तेवढ्यावर बाईंना दिवसभर हायसं वाटे.

मुलीला पक्षी स्वतः ऐकायचा होता. दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत हजर झाली. तिघंही खिडकीशी बसली. बाहेर तळं अगदी स्वच्छ होतं, काठापासून काठापर्यंत नुसतं पाणी. बऱ्याच वेळाने घड्याळजींनी बोट वर केलं.

"हा बघा. आला."

मुलगी खिडकीबाहेर वाकली. मग तिने घड्याळजींकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पटकन मान खाली घातली. बाईंना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. वर्गात चोरी पकडली गेल्यावर मुलं नेमकी अशीच मान खाली घालत. फक्त इथे चोरी तिची नव्हती.

बाई तिच्याकडे वळल्या. "खरं सांग, ऐकू आला?"

"नाही, बाई." मुलगी म्हणाली. "काल तळ्याला फेरी मारली तेव्हाही नाही आला. गड्डे राहिले असते तर पाणकणीस परत फुटलं असतं, आणि मग कदाचित..." पुढचं तिने गिळून टाकलं. घड्याळजींनी बोट हळूच खाली घेतलं. चहा न घेताच ती निघाली. बाईंनी तिला थांबवलं नाही.

दार लावून बाई परत आल्या. घड्याळजी तसेच बसून होते.

"कधीपासून येत नाही?"

"तुम्ही कापलंत त्या आठवड्यापासून."

"आणि मला रोज आला म्हणून सांगत होतात?"

"तू रात्री घरी यायचीस ती नाचतच. हाताला चिरा पडलेल्या, तरी आज पंख झाला, आज चोच झाली, हेच. इतकी खूश तुला मी कधी पाहिली नव्हती." ते जरा हसले. "पाहिली कसली. ऐकली नव्हती."

बाईंना त्यांचा राग आला, स्वतःची किळस आली, आणि कशाचाच उपयोग नव्हता. मुळं आपणच मोजून उपटून घेतली होती. आपल्या आंधळ्या माणसाची सकाळ आपण आपल्या हातांनी ओरबाडून घेतली, वर वर्षभर हारतुरे घेतले.

"मग पहाटे उठून बसायचात कशाला?" त्यांनी विचारलं. "काही ऐकू येत नव्हतं, तर झोपायचं होतं."

"झोपून राहिलो असतो, तर तुला कळलं असतं," घड्याळजी म्हणाले.