टेबलावरचा फॉर्म

तीस वर्षांच्या नोकरीत उल्हासरावांनी कुणालाही तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर. जे काम करायचं नसेल त्याची फाइल ते एखादी शंका काढून परत पाठवत. उत्तर आलं की दुसरी शंका. होता होता मुदत टळून जाई. साप मरे आणि काठीही मोडत नसे. असा माणूस घरी आल्यावर बदलतो थोडाच!

शहाण्णव सालच्या जुलैत त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, क्षिप्राचं, मॅथ्स ऑनर्सच्या पहिल्याच यादीत नाव लागलं. उल्हासरावांनी सगळ्या सेक्शनला बर्फी वाटली. शेजारच्या खन्नांचा मुलगा गणित करून कॉम्प्युटरमध्ये गेला होता आणि नोएडाच्या काचेच्या इमारतीत बसत होता. सहा वर्षांनी रिटायर झालं की लक्ष्मीबाई नगरचं हे सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. तोवर पोरगी तशाच एखाद्या इमारतीत बसलेली त्यांना बघायची होती.

पोरीचं मन मात्र बारावीतच दुसरीकडे गेलं होतं, आणि त्याला निमित्त उल्हासरावच. उदगीरचा नीरज मुनिरक्यात खोली घेऊन आयएएसचा अभ्यास करायचा. सर्टिफिकेटांच्या नकलांवर सही-शिक्का घ्यायला तो यायचा, म्हणून त्यांनी त्यालाच तिच्या गणिताला लावलं. गडी गणितात पक्का, पण परीक्षेला विषय घेतलेला इतिहास. शिकायला ती त्याच्या खोलीवर जायची; तो गणित सोडवेपर्यंत ही त्याच्या कॉटवरची पुस्तकं वाचायची. शिकवणी संपली की गल्लीमागच्या पडक्या गुंबदात, जुन्या कबरीवरच्या घुमटात, जायची. तिथे लोक म्हशी बांधत.

"आत कुणाची कबर आहे ते तिथे कुणालाच माहीत नाही, बाबा," ती जेवताना सांगायची. "कुणीतरी शोधायला पाहिजे ना!"

"बिल्कुल," म्हणत उल्हासराव भातावर वरण वाढून घेत. पोरीचा नाद, दुसरं काय!

कॉलेज सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी तिने विषय बदलायचा फॉर्म आणला. इतिहासाच्या जागा शिल्लक होत्या. एकतीस जुलैपर्यंत पालकांच्या सहीने फॉर्म भरायचा, बस्स.

"ठेव टेबलावर. बघतो," उल्हासराव म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी इतिहासाचा सिलॅबस मागितला. तिने आणला. मग गेल्या वर्षीच्या मुली पुढे काय करतात ते विचारून यायला सांगितलं. तीही माहिती आली. मग विभागप्रमुखांची चिठ्ठी हवी झाली. क्षिप्रा उन्हातान्हात दोन बसा बदलून चिठ्ठी घेऊन आली, आणि तिचा तो लाल झालेला, आशेने फुललेला चेहरा बघून उल्हासरावांनी तिला पंख्याखाली बसवून पाणी दिलं. पण सही झाली नाही. त्यांच्या मनात पाप नव्हतं, भीती होती. आणि भ्यालेला माणूस काय वाटेल ते करतो.

तीस तारखेला अहिल्याबाई म्हणाल्या, "अहो, मी करू का सही? आईची चालते म्हणे."

"दोन दोन सह्या नकोत. उद्या ऑफिसला जाताना मीच देतो कॉलेजात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉर्म ब्रीफकेसमधून जसाच्या तसा परत आला.

"बाबा, आज शेवटची तारीख होती."

"अच्छा? मला वाटलं, अजून आठवडा आहे."

क्षिप्रा रडली नाही, भांडली नाही. उल्हासरावांना हायसं वाटलं. वर्षभर ती वेळेवर कॉलेजला गेली. नीरजची पुस्तकं परत केली, गुंबदाचं नावही काढलं नाही. परीक्षेच्या दिवशी आईने तळहातावर दही ठेवलं, ते खाऊन गेली.

निकाल लागला. पहिल्या पेपरात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यातही शून्य.

"कारकुनाची चूक!" उल्हासराव गरजले. एवढ्या वर्षांत असल्या चुका काय कमी बघितल्या होत्या त्यांनी? फेरतपासणीचा अर्ज त्यांनी स्वतः टाइप केला, सोबत बारावीच्या गुणपत्रिकेची नक्कल जोडली. मुदत पंधरा दिवसांची होती आणि सही विद्यार्थिनीची हवी होती.

"ठेवा टेबलावर," क्षिप्रा म्हणाली. "बघते."

उल्हासरावांचा हात अर्जावर तसाच राहिला. कुठल्या तोंडाने बोलणार?

अर्ज पंख्याखाली पेपरवेट ठेवून पडून राहिला. ते रोज ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी तो उलटून बघत. सहीची जागा कोरी. पंधराव्या दिवशी त्यांनी रजा टाकली. क्षिप्रा स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसली होती.

"बेटा, आज शेवटची तारीख आहे."

"अच्छा? मला वाटलं, अजून आठवडा आहे."

अहिल्याबाईंनी गॅस बंद केला. उल्हासराव पाटावर बसले आणि लेकीपुढे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. "माझं चुकलं गं. पण ही सही कर. वर्ष वाया जाईल तुझं."

"तपासून काय मिळणार, बाबा? मी काही लिहिलंच नव्हतं. तिन्ही दिवस रोल नंबर टाकून बसून राहिले."

"मग आता इतिहास घे! मी येतो कॉलेजात, आत्ता येतो, सांगशील तिथे सही करतो."

"नापास मुलीला कोण घेणार?" तिने भेंडीचं देठ बाजूला टाकलं. "आणि मला आता नकोय तो. काहीच नकोय."

साडेअकरा वाजले होते. कॉलेजची खिडकी दीडला बंद व्हायची. उल्हासराव पेन हातात धरून तिथेच बसून राहिले.