कल्पिताच्या भारंभार गूळ

वजनकाट्यावर नोकरी करणाऱ्या बाईला काट्याचीच धास्ती असावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. कल्पिता न्हावा शेव्याच्या एका वजनकाट्यावर अकरा वर्षं कामाला होती. माल भरलेला ट्रक लोखंडी पाट्यावर चढला की खिडकीत बसून आकडा बघायचा, पावती फाडायची आणि ड्रायव्हर लोकांच्या थापा ऐकायच्या, हे तिचं काम. "मॅडम, कागदावर बावीस टन आहे," असं कोणी म्हणालं की ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "कागद खोटं बोलतो भाऊ, काटा नाही बोलत." आणि हीच बाई केबिनमध्ये जाताना त्या पाट्यावर कधी पाऊल ठेवत नसे. मागून लांबचा वळसा घेऊन, चिखल तुडवत जायची. डॉक्टरकडे वजन करायची वेळ आली की तिला नेमका फोन यायचा.

कल्पिता अंगाने चांगली ऐसपैस होती. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि लपण्यासारखंही नव्हतं, म्हणून ती स्वतःच सगळ्यांच्या आधी बोलून टाकायची. रोज सकाळी रेवसहून करंजाला जाणाऱ्या होडीत पाय ठेवला की तांडेलाने तोंड उघडायच्या आत हिचं सुरू, "सरका रे, मधे बसते. कडेला बसले तर सगळे पोहत जाल कामाला." होडीभर लोक हसायचे. लग्नात फोटो काढायची वेळ आली की, "आधी मला एकटीला काढा, जागा उरली तर नवरानवरीला बोलवा." लोक म्हणायचे, कल्पितासारखी दिलखुलास बाई नाही. आता काय सांगायचं लोकांना! दुसऱ्याने टोचायच्या आत आपणच टोचून घेतलं की कमी दुखतं असं तिला वाटायचं, एवढंच. दुखायचं तेवढंच. घरी येऊन आरशाला टॉवेल टाकून साडी बदलायची ती बाई.

तिची आई जनी म्हणजे नुसती काडी. त्या काडीच्या पोटात पित्ताचे खडे निघाले. अलिबागच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीखही दिली. कल्पिताने रजा टाकली, भावाने, प्रज्योतने, आपला ट्रक चार दिवस उभा ठेवायचं कबूल केलं. सगळं जुळलं, आणि ऐन वेळी जनीबाई अडून बसल्या.

"माजा एक नवस फेडायचा हाय. तो फेडल्याबिगर मी पोटाला सुरी लावू देणार न्हाय."

"कसला नवस, आये?"

"तुजाच."

गोष्ट अशी होती. छत्तीस वर्षांपूर्वी कल्पिता जन्मली ती सातव्या महिन्यात, मिठागरावरच्या झोपडीत. जेमतेम दीड किलोची. तिच्या आधीची एक पोर जनीने गमावली होती. तेव्हा तिने गावदेवीला नवस बोलला, ही जगली तर हिला पारड्यात बसवून हिच्या भारंभार गूळ गावाला वाटीन. पोर जगली. पहिल्याच जत्रेत फेडला असता तर एका ढेपेत काम होऊन वर चिमूटभर गूळ उरला असता. पण जनी म्हणाली, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी प्रज्योत पोटात होता. मग खाडीचा बांध फुटून मिठागरात पाणी शिरलं. मग घर बांधायला काढलं. दरवर्षी काहीतरी निघालं, नवस पुढे ढकलला, आणि इकडे पोर काही वाढायची थांबली नाही.

"आता गं? भर जत्रेत, सगळ्या गावासमोर मला तागडीत घालणार?" कल्पिताच्या तोंडचं पाणीच पळालं.

"त्यात काय? नवस हाय."

दोन दिवस मायलेकी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. जनी पोट धरून कण्हायची आणि विचारलं की म्हणायची, "काय न्हाय." तारीख जवळ येत होती. शेवटी कल्पितानेच तोड काढली. पारड्यात बसायचं नाही. आपलं वजन ती कागदावर लिहून देईल, तेवढा गूळ आणून देवीपुढे ठेवायचा आणि वाटायचा. जनी काही बोलली नाही. गप्प बसली म्हणजे मान्य आहे, असं कल्पिताने आपलं धरून घेतलं. मग खोलीत जाऊन तिने कागदावर आकडा लिहिला, सत्तर.

प्रज्योतने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा बहिणीकडे बघितलं. "ताय, नक्की ना?"

"नक्की म्हणजे? मी काट्यावर काम करते की तू?"

त्याने मुकाट्याने गाडीची चावी उचलली आणि दहा-दहा किलोच्या सात ढेपी घेऊन आला. सख्खा भाऊ, त्याला जिवाची काळजी होती.

जत्रेच्या सकाळी कल्पिता नवी हिरवी साडी नेसून देवळापाशी पोचली आणि जागीच थिजली. देवळासमोरच्या आंब्याच्या जाड फांदीला मिठागरावरची जुनी तागडी टांगलेली. मिठाच्या गोणी तोलायची ती, दोन लाकडी पारडी, जाड साखळ्या. तिचे वडील काळूराम त्या साखळ्यांना खोबरेल चोळत उभे होते, नव्या टोपीत.

"बाबा, हे काय? कागदावर ठरलं होतं ना!"

"कागद देवीला वाचता येतो का?" काळूराम म्हणाले. "तुज्या आयेनं सांगितलं, तागडी आन. मी आनली."

पळून जावं, असं तिच्या मनात आलं. पण समोर जनी आरतीचं ताट घेऊन उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, पोटातली कळ ओठांत दाबून हसत. तिला पाठ दाखवणं कल्पिताला जमलं नाही. आकड्याचं सांगून टाकावं तर भोवती अर्धा गाव गोळा झालेला. ती जाऊन पारड्यात बसली. साखळ्या कुरकुरल्या आणि पारडं जमिनीला टेकलं ते घट्ट टेकलं.

"बाबा, फांदीला विचारलंत का?" तिने सवयीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. लोक हसले. तिला जरा बरं वाटलं.

येसूबाई पुढे आली. हिच्याच हातावर कल्पिता जन्मली होती. आता नव्वदीला टेकली होती, पण आवाज शाबूत. "एकदा बसली की तोलनं पुरं होईस्तोवर उठायचं न्हाय," तिने बजावलं. "मधीच उठली तर नवस पुन्ना पयल्यापासनं."

प्रज्योत ढेपी ठेवू लागला. एक, दोन, तीन. चार, पाच. सहावी ठेवताना त्याने बहिणीकडे बघायचं टाळलं. सातवी ठेवली. दांडी तसूभरही हलली नाही.

 पोरांच्या पिपाण्या तेवढ्या वाजत होत्या.

कल्पिताला कानशिलं तापलेली कळत होती. रोज जे ड्रायव्हर तिच्या खिडकीशी मान खाली घालून उभे राहायचे, ते तिला एकेक आठवले. कागदावर एक, काट्यावर भलतंच, आणि बसायला जागा हीच. उठायची सोय नाही. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला विनोद सुचेना. डोळ्यांत पाणी भरलं, ते पुसायलाही हात उचलवेना.

तेवढ्यात जनी हसली. गालातल्या गालात नाही, चांगली खदखदून, पोट धरून. "हालली न्हाय!" ती ओरडली. "येसू, बघितलं का? हालली न्हाय!"

"आये, पुरे," कल्पिता दातांतून म्हणाली.

पण जनी आता कोणाला ऐकते! ती पारड्याजवळ आली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या गावाला सांगू लागली. "ही जन्मली ना, तवा ह्यांनी हिला ह्याच तागडीत ठेवली हुती. ह्याच पारड्यात, फडक्यात गुंडाळून. दांडी हालली न्हाय. पारड्यात काय ठेवलंय, ह्येच तागडीला कळंना! ही येसू मना म्हनली, जने, जीव लावू नको. आन आज बघा. सात ढेपी ठेवल्या, तरी दांडी हालत न्हाय!" तिने पदराने डोळे टिपले. "मी काय इसरली न्हवती नवस. दरवर्षी वाटायचं, अजून जरा भरू दे. हलकी असताना तोलली आन देवीनं म्हटलं, झालं, फिटलं, आन हिला परत नेली, मंग?"

कल्पिता आईकडे बघतच राहिली. आपण जे अंग दिसू नये म्हणून आयुष्यभर आरशावर टॉवेल टाकला, ते ही बाई छत्तीस वर्षं किलोकिलोने मोजत होती आणि खूश होत होती. हे कोणी आधी सांगायचं नाही का!

"गूळ आना!" जनीने हुकूम सोडला.

"अजून किती आणू?" प्रज्योतने बहिणीला विचारलं.

कल्पिताने नाक पुसलं. "माहीत नाही रे," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. आण, बघू."

देवळासमोर खलीलचं किराणा दुकान. तो एकेक करून दोन ढेपी खांद्यावर घेऊन आला. नव्वद झाले. दांडी थरथरली. "माशाल्ला," म्हणत तो तिसरी आणायला पळाला. शंभर झाले. पारडं जमिनीवरून सुटल्यासारखं झालं आणि परत टेकलं. खलीलने हात झाडले, दुकानातला गूळ संपला होता. मग बायका उठल्या. सगुणा घरातून दोन किलोचा डबा घेऊन आली, सोनाबाईने पुरणपोळीसाठी ठेवलेला दोन किलो गूळ आणला. येसूबाईने कमरेच्या पिशवीतून सुपारीएवढा खडा काढून ढिगावर ठेवला.

"म्हातारे, तो तुझ्या चहाचा," कल्पिता म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. मीच म्हनली हुती, जीव लावू नको."

शेवटचा खडा जनीने ठेवला. दांडी हळूच सरळ झाली आणि कल्पिताचं पारडं जमिनीपासून चांगलं चार बोटं वर उचललं. तिला कोणी उचललं त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. पारडं जरासं झुललं. तिने दोन्ही साखळ्या धरल्या, पाय पुढे सोडले आणि लहान पोरीसारखी खिदळली. पारड्यात गूळ किती चढला ते येसूबाईने विचारलं, तर प्रज्योत अडखळला. मग कल्पिताच वरून मोठ्यानं म्हणाली, "एकशे चार किलो! लिहून घ्या!" लोक हसले, तीही हसली. या वेळी कोणाच्या आधी हसायची घाई तिला नव्हती. पारड्यातून उतरल्यावर तिने सगळ्यांदेखत जिलेबी खाल्ली.

ऑपरेशनच्या दिवशी अलिबागच्या दवाखान्यात नर्स फॉर्म घेऊन आली. "पेशंटचं वजन?"

"एकशे चार," जनी ताठ बसून म्हणाली.

नर्सने त्या काडीकडे बघितलं. कल्पिताला हसू आवरेना. "आये, ते माझं. तुझं विचारतायत."

"माजं? माजं कोनी तोललंय कवा?"

 कल्पिताने आईला हाताला धरून कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस. ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग आईला आत नेलं, दार लागलं, आणि ती बाहेर बाकड्यावर बसली. तिने हात जोडले.

"बये," ती गावदेवीला म्हणाली, "हिला धड घरी आण. हिच्या भारंभार गूळ वाटीन मी. पण एवढ्यात नाही हं. आधी हिला जरा भरू दे."