दातगाडीची उंची

बिश्केकच्या मॉडेलकारांच्या मंडळात भांडण व्हायला मोठं कारण लागत नाही. कुणाच्या ट्रकच्या चाकाला एक नट कमी दिसला, तरी दोन म्हातारे महिनाभर अबोला धरतात. मार्च लागला की मात्र या किरकोळ भांडणांना सुट्टी मिळते, कारण भिंतीवर यादी लागते. चिखलातून, बर्फातून, नदीच्या पात्रातून जाणाऱ्या ज्या गाड्यांची किट जगात अजून कुणी काढलेली नाहीत आणि काढायलाच हवीत, अशा गाड्यांची यादी. कारागंदातला एक छोटा कारखाना मंडळाच्या मतानं त्यातली एक गाडी निवडतो आणि पस्तिसाव्या हिश्श्याचं किट काढतो. वर्षाला एकच. अट एवढीच की गाडी खरोखर रस्त्यावर धावलेली हवी आणि तिची मापं हातात हवीत.

त्या वर्षी यादीत सगळ्यात वर होता खिंडीतलं बर्फ फोडणारा सहाचाकी राक्षस. तो रोदिओन लुकिच यांचा लाडका. हे गृहस्थ निवृत्त इंजिनियर, खिशात सदैव मापं घ्यायचं व्हर्नियर, आणि दुसऱ्याची चूक सापडली की चेहऱ्यावर असा आनंद, जणू नातू झाला. यादीत सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘दातगाडी, नारीन’. ते नाव बुरुलचानं सुचवलं होतं.

बुरुलचा चव्वेचाळीस वर्षांची, धंद्यानं कवळ्या बनवणारी. दिवसभर लोकांचे दात घासायचे आणि संध्याकाळी त्याच अवजारांनी ट्रकचे आरसे घासायचे. मंडळात तिच्यासारखा बारीक हात कुणाचा नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी तोंडावर कबूल करत नसे. तिची आई सयकाल दातांची डॉक्टर. दर उन्हाळ्यात गाझ-६६ ट्रकवर बसवलेल्या लाकडी खोलीतून आई वरच्या कुरणांवर जायची आणि गुराख्यांचे दात बघायची. रस्ता नव्हताच, गाडीच रस्ता करत जायची. ती खोली ड्रायव्हर दुइशोननं स्वतः ठोकलेली. पुढे नव्वदच्या दशकात गाडी भंगारात कापली गेली. फोटो एकच, आणि त्यात गाडीच्या पुढं इतकी पोरं उभी केलेली की मागं फक्त एक दिवा दिसतो.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. बुरुलचाला स्वतःपुरती एक गाडी कधीही करता आली असती. पण तिला किटच हवं होतं. कुठल्या तरी देशात कुणी तरी अनोळखी माणसानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आईच्या गाडीचं दार चिकटवावं, असं तिला फार वाटायचं. आणि मापं होती. दुइशोनची वही त्याच्या सुनेनं पाठवली होती. त्यात करीशमध्ये, म्हणजे वितीत मोजून लिहिलेलं सगळं: लांबी ‘१३ क १ स’, आतली उंची ‘७ क १ स’. बुरुलचानं करीशला बावीस सेंटिमीटर धरले, वर एक सेंटिमीटर मिळवला आणि नमुना बनवला.

मतदानाच्या आदल्या रविवारी तो टेबलावर मांडला. रोदिओन लुकिच खाली वाकले. मग त्यांनी खिशातून प्लास्टिकचा एक मेकॅनिक काढला, त्याच पस्तिसाव्या हिश्श्याचा, आणि नमुन्याचं छत उचलून आत उभा केला. त्याचं डोकं छताच्या वर आलं.

“बुरुलचा सादिकोव्ना,” ते गोड आवाजात म्हणाले, “तुमच्या आई गुडघ्यांवर बसून दात उपटायच्या का?”

हॉल खो खो हसला.

“आणि हे बघा. केबिन आणि खोलीच्या मध्ये एवढी जागा? इथं एक बकरा आरामात झोपेल. कारखानेदार अशी जागा फुकट घालवत नाही, आणि ड्रायव्हर तर मुळीच नाही. माफ करा, ही गाडी धावलेलीच नाही. ही तुमच्या लहानपणीची आठवण आहे. आठवणीचं किट निघत नसतं.”

“मी बसलेय त्या गाडीत!” बुरुलचा कडाडली.

“बसला असाल. उभ्या नक्कीच राहिला नसाल.”

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सगळ्यात वाईट हे की म्हातारा बरोबर बोलत होता. आई उंच होती, वर पांढरी टोपी घालायची, आणि त्या खोलीत ताठ उभी असायची. नमुन्यात ती मावत नव्हती. म्हणजे चूक झाली होती आणि ती तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून ती दुइशोनच्या गावी, नारीनला जाणाऱ्या गाडीत बसली. दुइशोनच्या दारात पोचली तेव्हा ऐंशीचा म्हातारा ओसरीत बसून चहात तळलेला बोरसोक बुडवत होता.

“अबा, वहीत गडबड आहे तुमच्या.”

“माझ्या वहीत?” म्हातारा खवळला. “त्या वहीवर मी अख्खी गाडी उभी केली! तू शाळेत काय शिकलीस ते आधी सांग. वाच बघू.”

“सात करीश, एक सेंटिमीटर.”

“एक काय?”

“सेंटिमीटर. ‘स’ लिहिलंय ना?”

दुइशोननं बोरसोक खाली ठेवला. बायकोकडं बघितलं. मग दोघं इतके हसले की म्हाताऱ्याला ठसका लागला आणि म्हातारीला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

“अगं सुयोम! सुयोम तो!” त्यानं अंगठा आणि तर्जनी ताणून तिच्या नाकासमोर धरली. “सेंटिमीटर म्हणे! फार्मवर टेप एकच होती, आणि ती कोठारवाल्याच्या कपाटात कुलपात. मी काय त्याचे पाय धरायला जाणार होतो? आम्ही हातानं मोजायचो. विती संपल्या आणि थोडं उरलं, वीत पुरी बसेना, की सुयोम. शहरात वाढलात, बोटांचं नावसुद्धा विसरलात!”

बुरुलचानं वही पुन्हा चाळली. ‘१ स’, ‘१ स’, ‘१ स’. कुठंही ‘२ स’ नव्हतं, ‘५ स’ नव्हतं. सेंटिमीटर असते तर कधी तरी दोन आले असते. मिलिमीटरवर पोट भरणाऱ्या बाईला हे दिसू नये! स्वतःची तिला लाज वाटली आणि लगेच हसूही आलं.

“हात द्या अबा.”

तिनं टेबलावर त्याचा पंजा पसरला आणि पट्टी लावली. हात कसला, फावडं होतं ते. करीश चोवीस, सुयोम म्हणजे टीच एकोणीस. तिथंच कागदावर हिशेब केला. सात विती, वर एक टीच, एकशे सत्त्याऐंशी. टोपीसकट आई ताठ उभी राहिली.

“तुझ्या आईनंच उंची ठरवली होती,” दुइशोन म्हणाला. “मी म्हटलं, एवढी उंच केली तर वळणावर उलटेल. ती म्हणाली, ‘दुइशोन, रोगी घाबरलेला असतो. डॉक्टर वाकलेला दिसला तर तो जास्तच घाबरतो. तू सांभाळून चालव.’ चौदा उन्हाळे चालवली. एकदाही उलटली नाही.”

यावर बुरुलचा रडली. म्हातारीनं तिच्यापुढं कायमाकची, दाट सायीची वाटी सरकवली आणि खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

परतल्यावर चार दिवस तिनं खोली पहिल्यापासून बांधली. फळीनं फळी, पत्र्यानं पत्रा. शनिवारी खोली गाझच्या ठरलेल्या मापाच्या चॅसीवर ठेवली, तर ती केबिनच्या मागं चपखल बसली आणि तिच्या खालच्या पट्ट्या आपोआप चॅसीच्या भोकांवर आल्या. एकही ढकलावी लागली नाही. बकऱ्याची जागा गायब झाली. बुरुलचा एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत उभी राहिली.

रविवारी रोदिओन लुकिच यांनी व्हर्नियर काढलं. लांबी मोजली, रुंदी मोजली, भोकं मोजली. मेकॅनिक आत उभा केला. तो ताठ उभा राहिला आणि वर जागा उरली. म्हाताऱ्यानं पुन्हा मोजलं.

“चॅसी खोटं बोलत नाही,” ते सावकाश म्हणाले. “मोजमाप विती-टिचांचं आहे, पण बसतंय. फक्त... पुरावा वहीचाच. ही धावताना कुणी बघितली?”

तेवढ्यात कोट सांभाळणारी उमसुनाई चहाची किटली घेऊन आत आली. पंचावन्नची बाई, तिला या प्लास्टिकच्या खेळण्यांत काडीचा रस नव्हता. गेल्या रविवारी ती याच टेबलाजवळून दोनदा गेली होती आणि नमुन्याकडं बघून पुढं सरकली होती. आज ती थबकली. किटली तिनं रोदिओन लुकिच यांच्या कागदांवरच ठेवली आणि झटकन हातानं तोंड झाकलं.

“अगं बाई! दातगाडी!”

“काय म्हणालात?” रोदिओन लुकिच ओरडले.

“दातगाडी हो! आमच्या सोन-कुलच्या कुरणावर यायची. हिचा आवाज आला की आम्ही सगळे मेंढ्यांत लपायचो. लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात आईनं मला वेणीला धरून आत बसवलं होतं. उंच डॉक्टरीण होती, पांढऱ्या टोपीची. हे बघा!” आणि सगळ्यांसमोर तिनं आ वासला. “उजवीकडची, मागली, चांदी भरलेली. पस्तीस वर्षं झाली. तीन पोरं झाली, बाकीचे दात गेले, ही दाढ हलली नाही!”

रोदिओन लुकिच यांनी भिंग काढलं आणि खरोखर वाकून बघितलं. मग भिंग बुरुलचाच्या हातात दिलं. राखाडी चांदी, कडा अजून घट्ट, आणि मधोमध दाढेच्या नैसर्गिक खाचा काळजीनं कोरलेल्या. गुराख्याच्या पोरीच्या मागल्या दाढेत त्या कोण बघणार होतं? तरी आईनं कोरल्या होत्या. बुरुलचाला वाटलं, आई आत्ता या हॉलमध्ये आहे. तिला इतका आनंद झाला की तिनं आ वासलेल्या उमसुनाईलाच मिठी मारली.

“मतदान!” रोदिओन लुकिच घसा खाकरून म्हणाले. “बर्फफोड्याचं नाव मी मागं घेतो. दातगाडीच्या बाजूनं हात वर करा.”

आधी त्यांचाच हात वर गेला. मग एकेक करत त्यांच्यासकट एकूण बावीस हात वर झाले. एरवी नट मोजताना जेवढ्या काटेकोरपणे बघत, तेवढ्याच काटेकोरपणे रोदिओन लुकिच ते मोजत निघाले. शेवटी त्यांची नजर उमसुनाईवर गेली. मंडळाची सभासद नसलेली ती बाईही किटलीशेजारी हात उंच करून उभी होती.

“एजे, तुम्हाला मत नाही,” कुणीतरी कुजबुजलं.

“तेवीस,” रोदिओन लुकिच म्हणाले, आणि तसंच लिहून घेतलं.