दोन दिवसांची काळी पट्टी

“आपण फक्त बघायचं. घरट्याला हात लावायचा नाही, पिल्लांची कीव करायची नाही. तिचा नेम तिला करू द्यायचा, आपला आपण.”

सरांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी निरीक्षकबाईंच्या कानात हे शब्द ताजे होते. संस्थेच्या आवारात झाडांवर खारींसाठी लाकडी पेट्या टांगल्या होत्या. व्यालेली खार किती वेळ पिल्लांपाशी असते नि किती वेळ बाहेर, एवढंच बाईंनी लिहायचं. सरांच्या वेळी त्यासाठी दिवसभर बाकावर दुर्बीण लावून बसावं लागे. आता खारीच्या गळ्यात वाटाण्याएवढं यंत्र बांधलं की भागायचं. त्याला उजेड लागला तर ती बाहेर, अंधार लागला तर पेटीत. पडद्यावर पांढरी-काळी पट्टी उमटत जायची.

तिसऱ्या पेटीतल्या खारीला यंत्र बाईंनीच बांधलं होतं. कापडी पिशवीत तिचं काळीज असं काही धडधडत होतं की बाईंना राहवेना. आसपास कुणी नाही असं बघून त्या पुटपुटल्या, “घाबरू नकोस गं बाई. तुझ्या चौघांना मी उपाशी राहू देणार नाही. शब्द देते.” बोलून मोकळं होणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दिलेला शब्द रोज सकाळी, हात जोडल्यावर, एकदा मनाशी म्हणायच्या.

पहिले काही दिवस पट्टी बहुतेक काळीच. मधूनच दहा-वीस मिनिटांची पांढरी फट. दोन घास पोटात ढकलून बिचारी धावत परत येत असणार. मग फटी रुंदावत गेल्या. आणि अकराव्या दिवशी सकाळी पट्टी काळी झाली ती झालीच.

“काय हो, खारूताई पुन्हा बाळंतपणाच्या रजेवर गेल्या वाटतं?” यंत्रं सांभाळणारा म्हणाला.

“दमली असेल. पडू दे की जरा.”

“आमच्या घरी सांगू नका हं. तीही आतून कडी लावून घेईल.”

बाई हसल्या. वहीत लिहिलं, ‘आत’. दुसऱ्या दिवशीही ‘आत’. त्या आईच्या मायेने त्यांना उलट भरूनच आलं.

तिसऱ्या सकाळी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि हात तसाच राहिला. अंगावर पाजणारी आई दोन दिवस पाण्यावाचून आत बसेल?

यंत्राचा माग काढणारा खोका घेऊन त्या झाडाखाली गेल्या. खोका तिथे जेमतेम टिकटिकला. गाड्या लावायच्या जागेकडे वळल्यावर आवाज वाढत गेला आणि गटारावरच्या एका फरशीपाशी कर्कश झाला.

“ती खार होय?” माळीकाका पाइप टाकून जवळ आले. “परवा सकाळी चाकाखाली आली हो. कावळे टोचायला लागले, मला काही बघवेना. तिथे ठेवली नि वर फरशी सरकवली. का हो ताई, काही चुकलं का?”

“नाही काका. तुमचं काहीच चुकलं नाही.”

यंत्राने अंधार सांगितला होता. त्या अंधाराला आई म्हटलं होतं ते बाईंनी.

त्यांनी शिडी लावली. कानात सरांचा आवाज आला. तो येऊ दिला आणि त्या चढल्या. पेटीचं झाकण उघडलं. तिघं गार. त्यांतल्या एकाच्या तोंडात घरट्यातल्या कापसाचा पुंजका होता, चोखून चोखून ओला झालेला. चौथ्याचं पोट पाठीला लागलेलं. बोट लावल्यावर ते किंचित हललं.

“काय आहे वर?” काकांनी खालून विचारलं. बाई चौथ्याला घेऊन उतरल्या आणि ओंजळ दाखवली.

“हे संध्याकाळ बघायचं नाही, ताई.”

“माहीत आहे.”

पिल्लू एका हाताने झाकून, वही मांडीवर घेऊन त्यांनी दोन दिवसांच्या ‘आत’वर रेघ मारली. समोर ‘बाहेर’ लिहायला गेल्या, पण तेही खरं नव्हतं. जागा कोरीच ठेवली. चौघांना दिलेला शब्द तिघांच्या बाबतीत केव्हाच मोडला होता. देवापुढे उद्या काय म्हणायचं, सुचेना.

गार पोटात दूध घालायचं नसतं, आधी ऊब द्यावी लागते. पिल्लू रुमालात गुंडाळून त्यांनी छातीशी धरलं, वरून दुसरा हात झाकला आणि धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने, सावकाश, त्या घराकडे निघाल्या.