नेमाचा आवाज

"तोंड हलतंय, पर आवाज कुठाय?" मानसिंगने विचारलं.

यशराजने तोच तुकडा पुन्हा लावला. लॅपटॉपच्या पडद्यावर नेमिनाथ कृष्णेच्या घाटाच्या पायरीवर उभा होता. अंगात ढगळा पांढरा शर्ट, उन्हाने मिचमिचे झालेले डोळे, आणि तोंड सारखं हलत होतं. ऐकू येत होते ते फक्त कावळे आणि रिक्षाच्या ताडपत्रीची फडफड.

"काका, माईक नेमाकाकांच्या अंगावर नव्हताच," यशराज खाली बघत म्हणाला. "रिक्षाच्या हँडलला टांगलेला होता. मला आज कळतंय."

कसं झालं असेल हे मानसिंगला सांगायला नको होतं. नेमिनाथ पक्का जैन. दिवस बुडायच्या आत जेवण, मग जग इकडचं तिकडे होवो. त्या संध्याकाळी त्याने शूटिंग थांबवलं आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून डबा सोडला. जेवताना छातीवर यंत्र कशाला, म्हणून शर्टाचा बारका माईक काढून हँडलला अडकवला. भाकरी खाल्ली, चूळ भरली आणि उरलेला उजेड जाईल म्हणून तसाच धावत घाटावर गेला. माईक सांभाळायला वेगळा माणूस ठेवण्याची त्या पिक्चरची ऐपत नव्हती. कॅमेरा धरणारा यशराजच, 'चालू' म्हणणारा यशराजच आणि सगळ्यांना चहा आणणाराही यशराजच.

पुन्हा शूट करायची सोय आता राहिली नव्हती. श्रावणात दुकानाची फळी काढता काढता नेमिनाथ खाली बसला, तो उठलाच नाही.

आष्ट्यात मानसिंगला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. कर्णा लावलेली रिक्षा घेऊन तो गल्लोगल्ली पुकारत फिरायचा. उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा सेल लागलाय, अमक्यांचं दुःखद निधन, रक्षाविसर्जन सकाळी. रिक्षा गल्लीत शिरली की बायका भांडी घासायची थांबून आधी कान द्यायच्या, पाणी गेलं की माणूस. बायको लवकर गेली, म्हणून पोराला त्याने एकट्याने वाढवलं होतं. तीन वर्षांपूर्वी तो पोरगा, जयराज, इस्लामपूरच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. गावात पुकारणारा एकच. मानसिंगने रिक्षा काढली आणि पोटच्या पोराचं रक्षाविसर्जन स्वतः पुकारलं. आवाज तसूभरही हलला नाही. काळजाचा दगड आहे, असं लोक म्हणाले. लोकांचं काय, त्यांना आवाज ऐकू येतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो नेमिनाथच्या भांड्यांच्या दुकानासमोर रिक्षा लावायचा. नेमिनाथ शाळेपासूनचा दोस्त. तो येऊन शेजारी बसायचा.

"नेमा, मला आता जगू वाटंना गड्या."

"बरं," नेमिनाथ म्हणायचा. "पर बाजार झाल्यावर मर. मला सांगलीस्नं पातेली आणायची हाईत. तुजी रिक्षा नसली तर मी काय डोक्यावर आणू व्हय?"

बाजार व्हायचा. मग नेमिनाथच्या मेव्हण्याचं लग्न निघायचं. मग दुकानाचं पत्र्याचं छप्पर गळायचं. एकदा तर तो सरळ म्हणाला, "ह्या म्हैन्यात न्हाई जमायचं रं, लय मयती हाईत. तुजी कोण पुकारणार?" यावर दोघं इतके हसले की समोरचा सोनार दुकानातून बाहेर आला. शेजारच्या गल्लीतला यशराज पुण्याला सिनेमा शिकून परतला होता आणि नोकरी लागत नव्हती. त्याने हे ऐकलं आणि यावरच पिक्चर काढायचं ठरवलं. मरायला निघालेला एक आणि रोज त्याला काहीतरी काम सांगणारा दुसरा. नाव, 'बाजार झाल्यावर'. या दोघांना पाठ करायला काही द्यावंच लागलं नाही. ज्याने ज्याने अर्धवट पिक्चर पाहिलं, तो पोट धरून हसला.

घाटावरचा तुकडा शेवटचा. त्यात मानसिंगने नेमिनाथकडे पाठ करून गुडघाभर पाण्यात दूर जायचं आणि नेमिनाथने पायरीवरून बोलायचं. "नेमाकाका, आज तुमच्याकडे सांगायला एकही काम उरलेलं नाही. मग मनात येईल ते बोला," एवढंच यशराज म्हणाला होता. वारा उलटा होता. मानसिंगला फक्त शेवटचं "ये आता वर" ऐकू आलं आणि तो वर आला.

"काय बडबडत हुतास एवढा येळ?" त्याने पाय पुसता पुसता विचारलं होतं.

"आता न्हाई सांगायचो," नेमिनाथ म्हणाला होता. "थेटरात ऐक की."

मानसिंग तेव्हापासून थेटराची वाट बघत होता. नेमा गेल्यावर तर जास्तच. माणूस जाताना काही बोलून गेला नाही म्हणून लोक जन्मभर चुटपुटतात. आपलं तसं नाही, नेमाने आपल्यासाठी काहीतरी ठेवलंय, या एका गोष्टीवर त्याने श्रावणापासून दिवाळीपर्यंत दिवस ढकलले होते. आणि आता हे कावळे.

दोघं बसले होते ती मानसिंगचीच खोली. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून कर्णे आणि स्पीकरचे खोके ठेवायच्या या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून यशराजने आवाज भरायची सोय केली होती.

"मला पिक्चर उद्या महोत्सवाला पाठवायचंय," यशराज म्हणाला. "काय बोललेत तेच माहीत नाही, तर आवाज तरी कशाचा भरणार? हा तुकडा काढून टाकतो, काका. आधीच्या सीनवर संपवू."

"काढायचा न्हाई."

"पण काका..."

"आवाज मी देतो. नेमाच्या आवाजात त्याच्या बाला फसवलंय मी, शाळेत आसताना. शब्द बी आणतो. थांब हितंच."

नेमिनाथची बायको गुणमाला दुकानातच होती. नेमिनाथच्या माघारी तीच गल्ल्यावर बसायची. तापाचं निमित्त होऊन तिचे कान फार वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं उचलायची, आणि नवऱ्याचं तर अंधुक उजेडातही उचलायची. गिऱ्हाईक कढई ठोकून बघत असलं की नेमिनाथ आवाज न काढता नुसतं तोंड हलवून तिला म्हणायचा, 'घेणार न्हाई हे, उगं ठोकतंय.' ती गालात हसायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई फार प्रेमळ आहे.

मानसिंग तिच्यासमोर उजेडात उभा राहिला. "वैनी, नेमा काय बोललाय ते वाचायचं हाय, मग मी त्येच त्याच्या आवाजात भरणार. पिच्चरात."

"मला न्हाई बघायचं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती जरा मोठ्यानेच बोलायची.

"वाईच बघा की."

"फोटोचं काय न्हाई भावजी. फोटो गप आसतो, त्येला हार घातला की झालं. ह्यात त्ये बोलत्याल. माज्याकडं बघून बोलत्याल, आणि मी काय उत्तर देऊ?"

मानसिंग गल्ल्याजवळ सरकला. मग तो म्हणाला, "तुमच्याकडं न्हाई बघत त्यो, वैनी. माज्याकडं बघून बोलतोय. आणि मी पाठमोरा हुतो."

गुणमालाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग गल्ल्याला कुलूप घातलं आणि चष्मा घेतला.

खोलीत आल्यावर ती लॅपटॉपसमोर स्टुलावर बसली. यशराजने तुकडा लावला. नेमिनाथ पायरीवर आला, बोलला, थांबला. तिने मान पुढे काढली. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने पदराच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली.

"ओठाला भाकरीचा कण तसाच हाय," ती म्हणाली. "चूळ कवाच नीट भरत न्हवते."

मग तिने हात वर केला. तो वर गेला की यशराजने थांबवायचं, खाली आला की पुढे चालू करायचं. ती एकेक वाक्य सांगू लागली. तिच्या बोलण्यात चढउतार नव्हता, बाजाराची यादी वाचावी तसं ते येत होतं.

"मान्या, आज सांगाय कामच न्हाई रं माज्याकडं."

यशराजने लिहून घेतलं.

"म्हणून खरं सांगतो. त्या दिवशी फाटंचं पुलावर गेलावतास. तुज्या मागं मी हुतो."

मानसिंग खोक्याला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "काय?"

तिला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. ती पडद्याकडे बघत पुढे निघाली होती.

"सायकल धरून उभा हुतो. हाक मारणार हुतो, पर म्हटलं बिचकलास आणि पाय घसारला तर. माज्या तोंडाला कोरड पडलीवती. तू माघारी वळलास तवा मी लिंबाच्या आड झालो. मला बघून तुला लाज वाटली आसती." तिचा हात वर गेला. ती थांबली. "पुढं म्हणत्यात, घरी जाऊन हिला बी सांगितलं न्हाई. हिला म्हंजी मला." थोडा वेळ तिने डोळे मिटले. "त्या दिवशी जेवले न्हवते. मी म्हटलं, पोट बिघाडलं आसंल."

तिचा हात खाली आला. नेमिनाथ पुन्हा बोलू लागला.

"पिच्चर हाय म्हणून बोलतोय. एरवी माजं तोंड उघडायचं न्हाई. तू लय येळा म्हणतोस, कुणासाठी जगू. माज्यासाठी जग की रं. मी का परका हाय? ये आता वर. पाणी गार हाय."

ती चष्मा काढून पुसत बसली. यशराजने वहीवरून मान वर केली नाही.

ती पहाट मानसिंगने कोणाला सांगितली नव्हती. पुलाच्या कठड्याला हात लावून तो उभा होता आणि जगात आपलं कोणी नाही, असं त्याला अगदी स्वच्छ वाटत होतं. मग कसं कोण जाणे, पाय मागे फिरले. आपण एकटेच गेलो आणि एकटेच परत आलो, असं तो इतके दिवस समजत होता. दहा पावलांवर नेमा उभा होता. त्यानंतर महिनोन्महिने तो रोज रिक्षात बसून पातेल्यांच्या गोष्टी सांगत राहिला, हसवत राहिला, आणि आतून किती भ्यालेला होता याचा पत्ता त्याने लागू दिला नाही. आता त्याला विचारायचं तरी कुठे जाऊन? मानसिंगला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. कर्ण्याशिवाय त्याला ते जमत नव्हतं.

"काका," यशराज हळूच म्हणाला, "हे तुमचं आहे. पिक्चरमध्ये नको. मी तुकडा काढतो. मनापासून सांगतोय."

मानसिंगने पडद्यावर थांबलेल्या नेमाकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पिच्चर हाय म्हणून बोललाय त्यो. पिच्चरातच ऱ्हाऊ दे. माईक लाव."

तो गोधड्यांच्या मधे उभा राहिला. पडद्यावर नेमिनाथ आला. "मान्या," मानसिंग म्हणाला, आणि यशराजच्या अंगावर काटा आला. तोच नाकातला, शेवटचं अक्षर लांबवणारा आवाज. पहिलं वाक्य तसंच गेलं. दुसऱ्या वाक्यात 'पुलावर' आलं आणि नेमाचा आवाज सुटला. उरला तो मानसिंगचा स्वतःचा, जाड आणि घोगरा. गावाने रोज ऐकलेला, पण असा फाटलेला कधी न ऐकलेला. तो थांबला नाही. ओठांशी ओठ जुळवत, गालावरून वाहतंय ते वाहू देत, "पाणी गार हाय" पर्यंत तो जाऊन पोचला.

"पुन्हा घेऊ का?" त्याने विचारलं.

"नको," यशराज म्हणाला. "हेच ठेवू."

त्याने आवाज तोंडाशी जुळवला आणि ऐकून बघायला खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर लावला. गुणमाला स्टुलावरून उठली. स्पीकरजवळ गेली आणि पुढच्या जाळीवर तळहात टेकवला. नजर पडद्यावर. नेमिनाथ बोलत होता तसतसे तिच्या हातातल्या बांगड्या बारीक थरथरत होत्या.

तुकडा संपला.

"आसा जड हुता व्हय त्येंचा आवाज?" तिने विचारलं. "लय वर्सं झाली भावजी. मी इसरलेवते."

यशराजने मानसिंगकडे पाहिलं. मानसिंग पुढे झाला, तिला दिसेल असा उजेडात उभा राहिला आणि सावकाश तोंड हलवत म्हणाला, "व्हय वैनी. आसाच हुता."

तिने हात काढला नाही. "परत लाव," ती यशराजला म्हणाली.