पिटुकलीची धपधप

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उन्हात डुलक्या काढणारा जो जुना टायर तुम्हाला दिसतो आहे ना, तो मी. माझ्या अंगावर एक टेंगूळ आहे. त्याला हसू नका. त्या टेंगळाची गोष्ट सांगण्यासाठीच मी आज डोळे उघडले आहेत.

माझा जन्म तापलेल्या साच्यात झाला. आत गेलो तेव्हा मी पोलादी तारांचे पट्टे पोटात घेतलेलं मऊ काळं रबर होतो. बाहेर आलो तेव्हा टणक झालो होतो आणि अंगभर नक्षी होती. नवेपणी मला मिजास फार. रस्ता ओला असो की खडीचा, मी पकड सोडत नसे. बरीच वर्षं मी मोटारीच्या पुढच्या चाकावर काढली. झिजू लागलो तशी माझी रवानगी मागे झाली. चाकाला जग गोल गोलच दिसतं. रस्ता, मडगार्डखालचा काळोख, पुन्हा रस्ता, पुन्हा काळोख. वेग वाढला की दोन्ही एकमेकांत मिसळून जात आणि मला जागेपणीच स्वप्नं पडत.

मोटार एका लहानशा कुटुंबाची होती. आई, बाबा आणि नुकतीच रांगायला लागलेली त्यांची लेक. तिला सगळे पिटुकली म्हणत. तिची छोटी खुर्ची मागच्या सीटवर, नेमकी माझ्या डोक्यावर बांधलेली असे.

एकदा बाबांनी वळणावर घाई केली आणि मी फुटपाथच्या कडेवर दाणकन आदळलो. बाहेरून ओरखडाही दिसत नव्हता. आत मात्र तार तुटली, पट्टा सुटत गेला आणि मला टेंगूळ आलं. मग प्रत्येक फेऱ्याला ते रस्त्यावर आपटू लागलं. धप्. धप्. धप्. मित्रांनो, टायरला तोंड नसतं. ती धपधप ही माझी हाक होती. थांबा, मला बघा, मी फुटेन, असं मी जीव तोडून सांगत होतो.

पण झालं भलतंच. पिटुकलीला दात येत होते. दुपारी झोपायचं नाव नाही, नुसतं घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी माझी धपधप ऐकता ऐकता तिचे डोळे जड झाले आणि ती गाढ झोपली. आईबाबांना आकाश ठेंगणं झालं. मग तो नेमच झाला. जेवणं उरकली की पिटुकलीला खुर्चीत बसवायचं आणि तळ्याकाठच्या रस्त्याने फेऱ्या मारायच्या. ती झोपली की गाडी थांबवायची नाही, हा घरचा कायदा. गॅरेजवाला एकदा तेल बदलताना म्हणाला, "साहेब, मागून धपधप येतेय. चाक काढून बघू का?"

"नको, नको!" बाबा घाईघाईने म्हणाले. "आवाज सोडून बाकी सगळं बघा."

गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. असं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, कौतुक मलाही गोड लागे. दुपारचं पिवळं ऊन, तळ्यावरून येणारा गार वारा आणि वर त्या लेकराचा संथ श्वास. मी हाक मारत होतो आणि तिची अंगाई होत होती. टेंगूळ मात्र रोज वाढत होतं.

अशात पिटुकलीची मावशी राहायला आली. ती मुलांना नाच शिकवते. दुपारच्या फेरीत ती पुढे आईशेजारी बसली. थोड्या वेळाने तिची बोटं मांडीवर ताल धरू लागली आणि मध्येच थांबली.

"ताई, हे काय धपधपतंय गं?"

"शू! त्यावरच झोपते ती."

"अगं, पण जरा हळू घे बघू."

आईने वेग कमी केला, तशी धपधप संथ झाली. वेग वाढवला, तशी ती घाईला आली. मावशीने क्लच दाबायला सांगितला. इंजिनाचा आवाज खाली गेला, मी मात्र धपधपतच राहिलो.

"म्हणजे इंजिन नाही. रस्ताही गुळगुळीत आहे. स्टिअरिंग थरथरतंय का?"

"नाही."

"पण सीट हादरतेय. मागचं चाक आहे हे, ताई. आणि निघालो तेव्हापेक्षा ठोका जड झालाय. गाडी थांबव."

"उठेल गं ती! सकाळपासून डोळ्याला डोळा नाही लागलेला तिचा."

"उठू दे. त्याच चाकावर बसलीय ती."

आईने आरशातून मागे पाहिलं. तिने गाडी सावकाश कडेला घेतली. इंजिन बंद होताच पिटुकली उठली आणि तिने भोकाड पसरलं. मावशीने वाकून माझ्या अंगावरून तळवा फिरवला. टेंगळापाशी तिचा हात थबकला. तिथलं रबर फाटून आतली तार डोकावत होती. आईने ते पाहिलं आणि रडणाऱ्या लेकीला पोटाशी धरून ती तिथेच गवतावर बसली.

"मी हिला रोज यावर झोपवत होते," एवढंच ती म्हणाली.

माझी हाक शेवटी पोचली होती. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

डिकीतली स्टेपनी माझ्या जागी बसली. मी डिकीत पडून ऐकत होतो. गाडी अगदी मुकाट्याने चालली होती आणि पिटुकली टक्क जागी, किरकिरत होती. शेवटी मावशी मागे जाऊन बसली आणि तिला हलकेच थोपटू लागली. धप्. धप्. धप्. माझाच ताल. घर यायच्या आत पिटुकली झोपली.

गॅरेजवाला मला भंगारात देणार होता, पण बाबांनी मला मागून घेतलं, बाहेर आलेली तार कापून टाकली आणि अंगणात आणून ठेवलं. मित्रांनो, माझं एवढं ऐका. आवाज गाडीचा असो की घरातल्या कुणाचा, तो रोजचा झाला म्हणून सोडून देऊ नका. एकदा थांबा, खाली वाका, हात लावून बघा. कुणीतरी तुम्हाला हाक मारत असेल.

पिटुकली आता शाळेत जाते. संध्याकाळी ती मला अंगणात ढकलत फिरवते आणि प्रत्येक फेऱ्याला माझं टेंगूळ मातीवर आपटतं. थोड्या फेऱ्या झाल्या की तिला जांभई येते. का येते, ते तिला ठाऊक नाही. मग ती मला आडवा करते, माझ्या पोकळीत अंग मुडपून बसते आणि आम्ही दोघंही डोळे मिटतो.