काकणवालीची फेरी

रत्नागिरीच्या पेठेत काकणांचं दुकान निघालं, तेव्हा आमच्या वाडीत सर्वांत जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. ही गोष्ट बत्तीस सालची. सासूबाई म्हणजे सोनूबाई. वाडीत काय चालतं आणि काय चालत नाही, ते त्याच ठरवत. दिवाळीनंतर आसिया काकणवालीचा नवरा फारुक बोटीवर वारल्याची बातमी आली आणि सासूबाईंनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, "नवरा गेलेल्या बायच्या हातचा काकण आमच्या सवाशिणींना नको." आसिया तेव्हा घरातच होती. त्यांच्यात नवरा गेला की बाईने चार महिने बाहेर पडायचं नसतं.

मग आम्ही दुकानातून काकणं आणली. आपल्याच हातांनी घालताना निम्मी फुटली. अंगठा आत दुमडून, हाड दाबून काकण चढवायची आसियाची हातोटी आमच्यात कुठली? दुकानदार भला माणूस होता, मालही स्वस्त द्यायचा. पण तो काकणं विकायचा, एवढंच.

आसिया टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्यापासून पार लांज्यापर्यंत फिरायची. आमच्या मुली त्याच गावांत दिलेल्या. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी रीत, म्हणजे आईने जायचंच नाही. बाप भेटायला गेला तर पडवीत बसणार आणि मुलगी सासूच्या देखत "बरी आहे" म्हणणार. आसिया मात्र थेट माजघरात जायची, मुलीचा हात हातात घेऊन बसायची. काकण भरताना बाई "आई गं" म्हणतेच, त्यात आणखी दोन शब्द मिसळले तर सासूला काय कळणार? ते शब्द मग आसिया आमच्या अंगणात आणून पोचवायची.

शिमगा आला तरी एकाही मुलीची खबर नाही. सगळी वाडी बहिरी झाल्यासारखी झाली. सासूबाईंची धाकटी विमला लांज्याकडे दिलेली. तिच्या काळजीने त्यांचं जेवण सुटलं. खरं सांगते, आधी मला गंमतच वाटली. म्हटलं, घ्या आता दुकानातली काकणं! पण त्या चुलीपुढे बसून रडायला लागल्या तेव्हा ती गंमत पार गेली.

आसियाचे घरात बसायचे दिवस संपले, तशा सासूबाई स्वतः उठून तिच्या दारात गेल्या. सोबत मी.

"लांज्याकडं जाऊन ये गो आसिया. माझ्या विमलाला बघून ये."

"जाईन. पण मला आत कोन घेनार? तुमच्यासारखीच सासू तिथं हाय."

सासूबाई म्हणाल्या, "फारुकचा त्यांना म्हायत नाय. हातात काकणा घाल नि जा."

आसियाचा चेहरा उतरला. "ते जिते हायत म्हनून सांगू मी?"

"माझ्या पोरीसाठी सांग. तुझ्या पाया पडते." आणि सासूबाई खरोखरच वाकल्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना देवाखेरीज कोणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. आसियाने त्यांना वरच्यावर धरलं. मग टोपली ओढून घेतली आणि आपल्याच हातांनी आपले हात भरले.

ती परतली तेव्हा आम्ही दोघी अंगणातच होतो. टोपली उतरवायच्या आधीच ती म्हणाली, "विमलाचा हात दाबायला लागलाच नाय. गेल्या सालच्या मापाचा काकण आपसूक गेला, पार कोपरापर्यंत. जेवाय देत नाय तिला."

सासूबाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी सासऱ्यांना, भागोजींना, हाक मारली. ते काठी घेऊन तसेच निघाले आणि विमलाला घेऊनच परत आले. पुढे तिच्या अंगावर मांस चढल्यावर तिला काकणं आसियानेच भरली, आपल्या बिनकाकणांच्या मोकळ्या हातांनी. वाडीतल्या यमुनाबाईने नाक मुरडलं, तर सासूबाई तिच्यावर अशा तुटून पडल्या की पुन्हा कोणाची बोलायची छाती झाली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सासरे विमलाला आणायला निघाल्यावर आसिया ओटीवर बसली आणि मला म्हणाली, "जरा ही काकणा काढून दे गो." मी तिच्या हाताला खोबरेल चोळलं आणि अंगठा दाबला.

"तिच्या सासूनं मला चाय दिली," आसिया म्हणाली. "विचारलंन, घरवाला कसा हाय? मी सांगितला, बोटीवर हायत, पावसाआधी येतील." मग म्हणाली, "सांगताना मलाच खरा वाटला. येताना मोटारीत सगळ्या वाटेला खरा वाटत होता."

मी तिचा हात तसाच धरून बसले. काकणं काढायला माझा हात धजेना.